ठळक नसलेला आकडा

माझा आवाज जाड आहे. फोन उचलून 'हॅलो' म्हटलं की पलीकडचा माणूस 'बोला साहेब' म्हणतो. गॅसवाला म्हणतो, बँकेतली मुलगी म्हणते, परवा एका आचाऱ्यानं 'दादा, किती पानं धरू?' असं विचारलं. मी कुणाला दुरुस्त करत नाही. या आवाजात माझी कामं अडत नाहीत, उलट लवकर होतात. समोरासमोर मात्र कुणी मान तिरकी करून 'घसा बसलाय का हो?' म्हणून विचारलं, की मी सांगते, घसा ठणठणीत आहे, आवाजच असा आहे, आणि तो कसा झाला ते ऐकायचं असेल तर खुर्ची ओढून बसा. बहुतेकांना नेमकं तेव्हाच काहीतरी काम आठवतं.

एका वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते आणि लातूरच्या बाहेर, माळावरच्या एका पोलीस भरती अकॅडमीत राहत होते. आमचं गाव रेणापूर तालुक्यातलं. वडील मी लहान असताना गेले, तेव्हापासून गावातलं किराणा दुकान आई चालवायची. आम्ही लिंगायत, दुकानदारी पिढ्यान्‌पिढ्यांची. पोलीस व्हायचं खूळ माझ्या एकटीच्या डोक्यातलं. आईनं दोन आठवडे अबोला धरला आणि मग स्वतःच लातूरला जाऊन माझ्यासाठी पळायचे बूट घेऊन आली.

अकॅडमीत आम्ही वीसेक पोरी एका पत्र्याच्या हॉलमध्ये झोपायचो. माणशी दिवसाला एक बादली पाणी. त्यात अंघोळ, कपडे, सगळं. तरी कुणी कुरकुर करत नव्हतं, कारण उदगीर जिल्हा होणार अशी बोलवा होती. ही बोलवा मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय, पण त्या वर्षी ती फार जोरात होती. नवा जिल्हा म्हणजे नवं मुख्यालय, नवं मुख्यालय म्हणजे नव्या जागा. आमचे सर रोज पहाटे रांगेसमोर उभे राहून हेच सांगायचे. "जिल्हा झाला की धडाधड जागा निघतेत बगा. तवा तयार असशील तर तुझी, न्हाई तर दुसरीची." जिल्हा अजून झालेला नाही. पण ते वाक्य ऐकून आम्ही पळालो, एवढं खरं.

माझं धावणं चांगलं होतं, लांब उडी चांगली होती. गोळाफेक मात्र जमायची नाही. सरांनी मातीवर फक्कीची एक रेष मारून ठेवली होती आणि माझा गोळा रोज तिच्या अलीकडे वीतभर धपकन पडायचा. एक दिवस सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या खोलीत चहापत्तीचा एक जुना डबा होता. त्यातून त्यांनी दोन गोळ्या काढल्या आणि मूठभर फुटाण्यांबरोबर माझ्या हातावर ठेवल्या.

"शक्तीच्या हायत. बारा आठवड्याचा कोर्स. आठवड्याला एक सुई बी लागंल, मी देतो. घरी बोलायचं न्हाई. घरच्यांना ह्यातलं कळत न्हाई."

मला काहीच माहीत नव्हतं, असा आव मी आणणार नाही. शक्तीच्या गोळ्या कुणी चहापत्तीच्या डब्यात ठेवत नाही, हे दुकानदाराच्या मुलीला कळत होतं. मी विचारलं नाही. माझ्याबरोबर आणखी तिघी घेत होत्या, त्यांनीही विचारलं नाही. पाचव्या आठवड्यात माझा गोळा रेषेच्या पलीकडे पडला. तो जिथं पडला तिथल्या खड्ड्यात मी बोट घालून पाहिलं होतं. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

मग पाळी थांबली. आज सांगताना माझ्या अंगावर काटा येतो, पण तेव्हा आम्हा चौघींना बरं वाटलं. दिवसाला एक बादली पाणी असताना पाळीचे चार दिवस काय असतात, हे त्या हॉलमध्ये राहिल्याशिवाय कळणार नाही. बाकीच्या पोरी आमचा हेवा करायच्या. केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा आम्ही बोअरच्या पाण्याला शिव्या दिल्या. जड पाणी, क्षाराचं पाणी, टँकरनं कुठून कुठून आणलेलं पाणी. त्या वर्षी अख्ख्या लातुरात बायकांचे केस गळत होते आणि सगळ्या पाण्यालाच बोलत होत्या, त्यामुळे आमचे केस त्यात खपून गेले. तोंडावर फोड आले, पाण्यानं. हनुवटीवर लव आली, तीही पाण्यानंच. आवाज फाटला तो ग्राउंडच्या धुळीनं. दुष्काळानं आम्हाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार करून दिलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी कोर्स संपला. मार्चमध्ये बोअर आटली आणि सरांनी अकॅडमी बंद करून पोरींना घरी पाठवलं. घरी आले आणि माझ्या अंगातला जीवच गेला. पाच किलोमीटर पळणारी मी, दुकानाच्या दोन पायऱ्या चढून बसकण मारायची. दुपारी झोपायची, उठून रडायची. कशाला रडतेय ते मला सांगता येत नव्हतं. आईनं सुरुवातीला रागावून पाहिलं. मग एके दिवशी मी गिऱ्हाईकाला 'काय पाहिजे?' असं विचारलं आणि त्या बाईनं दचकून आत वाकून पाहिलं, दुकानात कोण पुरुष बसलाय म्हणून. त्या दिवसापासून आईनं एकच शब्द धरला.

"हळू बोल."

दुकानात हळू बोल, दारात हळू बोल, फोनवर बोलूच नको. आणि दुसऱ्या आठवड्यात ती मला घेऊन लातूरला डॉक्टरांकडे गेली.

दवाखाना गच्च भरलेला होता. डॉक्टर वाईट नव्हते, घाईत होते. आईनं सांगितलं, थकवा हाय, केस गळायलेत, रडती, आवाज बसलाय. डॉक्टरांनी मान हलवत कागदावर लिहिलं. रक्त दिलं आणि संध्याकाळी रिपोर्ट आला. तीन ओळी होत्या. टी थ्री कमी, टी फोर कमी. हे दोन आकडे ठळक छापलेले. तिसरी ओळ टीएसएचची, साध्या अक्षरात. डॉक्टरांची नजर ठळक आकड्यांवर पडली आणि तिथंच थांबली. आमच्याकडे रिपोर्ट सगळेच असा वाचतात. मेडिकलवाला, नर्स झालेली चुलतबहीण, एसटीत शेजारी बसलेला माणूस, सगळे आधी ठळक काय आहे ते बघतात.

"थायरॉइड आहे. गोळी सुरू करू. रोज सकाळी उपाशीपोटी, आणि ही कायमची हं."

"कायमची म्हणजे?" आईनं विचारलं.

"जन्मभर."

मग त्यांनी पाळीचं विचारलं. आई म्हणाली, येईना झालीय. डॉक्टर म्हणाले, त्याची हार्मोनची तपासणी करू, पाळीच्या दुसऱ्या दिवशी या. मी तोपर्यंत हळूच बोलत होते, पण तिथं माझा संयम सुटला. "पाळीच न्हाई डॉक्टर, तर दुसरा दिवस कुठून आणू?" माझ्या आवाजानं बाहेरच्या बाकावरचे लोकही वळले. आईनं माझा हात दाबला. डॉक्टर हसले आणि म्हणाले, थायरॉइड जागेवर आलं की पाळीही येईल. 'तू काही घेत होतीस का?' हा एक प्रश्न तेवढा त्यांनी विचारला नाही. मीही सांगितलं नाही. आई शेजारी होती आणि मला अजून अकॅडमीत परत जायचं होतं.

गोळ्यांची बाटली आईनं दुकानात खडीसाखरेच्या बरणीमागे लपवली. लग्नाची मुलगी, जन्मभराची गोळी, हे गावाला कळता कामा नये. केसांसाठी मेडिकलवाल्यानं आणखी एक गोळी दिली, तीही तिथंच. दरम्यान सरांचा फोन आला, अकॅडमी पुन्हा सुरू झाली की पोरगी येणार ना म्हणून. आईनं त्यांना तेवढं खरं सांगितलं, हिला थायरॉइड निघालंय. "अरेरे," सर म्हणाले, "लई वाईट. आराम करू द्या तिला." त्या माणसाला सगळं माहीत होतं. तो माझ्यासाठी 'अरेरे' म्हणाला, याचा राग माझ्या मनातून आजही गेलेला नाही.

महिना-दीड महिन्यात थकवा जायच्या ऐवजी छाती धडधडायला लागली. झोप उडाली. साखर जोखताना हात थरथरायचा आणि तागडीच्या बाहेर सांडायची. माझी मावशी मुदखेडला असते. आईनं मला तिच्याकडे न्यायचं ठरवलं. नांदेडकडे आमच्यापेक्षा पाणी बरं होतं, हे सांगायचं कारण. तिकडं मावशी सोडली तर माझा जुना आवाज कुणी ऐकलेला नव्हता, हे खरं कारण. मावशीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, ह्या गोळीनं हिला कमी व्हायलंय का जास्ती? उद्या नांदेडला चला, माझ्या ओळखीची एक लॅब हाय.

ती लॅब सगळे ज्यांना आपा म्हणायचे अशा एका बाईंची होती. पन्नाशीच्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. रक्त त्यांनी स्वतः काढलं आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नुसतं पाकीट दिलं नाही, मला आणि आईला आत बसवलं. माझा नवा रिपोर्ट त्यांच्यासमोर होता. आता टीएसएच ठळक होता, अगदी खाली गेलेला.

"ही गोळी कुणी दिली? पुराना रिपोर्ट हाय का?"

आईनं पिशवीतून काढून दिला. आपांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि जुन्या रिपोर्टवरच्या ठळक आकड्यांवर सरळ तळहात ठेवला.

"हे ठळक सोड बेटा. हे बघ, साधं छापलंय ते. टीएसएच म्हणजे काय म्हाईत हाय? टँकर आला न्हाई की गल्लीत एक बाई सगळ्यांच्या आधी वरडती की न्हाई? ती. अंगात थायरॉइड कमी पडलं की ही वरडती, हिचा आकडा वर जातो. तुझ्या पहिल्या रिपोर्टमधी ही गप बसलीय. मग पाणी कमी कुठं पडलंय?"

"पण टी फोर कमी हाय न्हवं," आई म्हणाली.

"ते टोटल हाय. टी फोर रगतात एकटं फिरत न्हाई, टँकरमधी बसून फिरतं. टोटल मोजलं की टँकरमधलं सगळं मोजलं जातं. टँकरच कमी झाले तर टोटल कमीच दिसणार. पण घरात नळाला येणारं, ते मोकळं, ते तेवढंच असतं. ही पोरगी आजारी नव्हती. तिला फुकट गोळी दिली, म्हणून आता छाती धडधडायलीय." आपांनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या हनुवटीकडे, मग गळ्याकडे. "टँकर कमी करणारी दवा मला म्हाईत हाय. जिमच्या पोरांचे असले रिपोर्ट मी लई बघितले. पोरीचा पहिल्यांदाच बघून राहिले. काय घेतलं होतंस?"

आई म्हणाली, "ती काय घेणार? घरातच असती."

मी आईकडे पाहिलं. जन्मभराची गोळी घेत, हळू बोलत, खडीसाखरेच्या बरणीमागे लपून राहायचं, की आत्ता इथं तोंड उघडायचं, एवढाच प्रश्न होता. मी तोंड उघडलं. चहापत्तीचा डबा, फुटाणे, रविवारची सुई, बारा आठवडे, सगळं सांगितलं. माझ्या खऱ्या, जाड, मोठ्या आवाजात. पदराचं टोक आईनं बोटाला इतकं घट्ट गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं.

आपा म्हणाल्या, मी डॉक्टर न्हाई, मशीन चालवणारी हाय. त्यांनी आम्हाला नांदेडच्या एका हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं आणि सोबत चिठ्ठीवर सगळं लिहून दिलं, मी काय घेतलं होतं तेसुद्धा. जाताना बजावलं, पुढच्या तपासणीच्या आधी केसांची गोळी चार-पाच दिवस बंद ठेव, ती मशीनला फसवती, आकडे खोटे येतेत. डॉक्टरीणबाईंनी थायरॉइडची गोळी बंद केली आणि पाळीची वाट न बघता हार्मोनची तपासणी केली. पाळी चालवणारे एलएच, एफएसएच तळाला गेलेले. गंमत म्हणजे ज्याच्यामुळे माझी हनुवटी अशी झाली, ते पुरुषी हार्मोनही रिपोर्टमध्ये कमीच. मी गोंधळले. बाई म्हणाल्या, गोळ्या-सुईतून पुरुषी हार्मोनचा माल बाहेरून आला, तेव्हा शरीरानं स्वतःचं शटर खाली ओढलं. बाहेरचा थांबला, पण शटर अजून उघडलेलं नाही. दुकानदाराच्या मुलीला हे लगेच कळलं.

"उघडेल?"

"उघडेल बहुतेक. काही महिने लागतील. वरून काही घेऊ नकोस, नीट खा, दर दीड महिन्यानं रक्त दे."

"आणि आवाज?"

"आवाज परत येत नाही."

परतीच्या गाडीत मी मुदखेडपर्यंत रडले. गोळा रेषेपलीकडे जावा म्हणून मी माझा आवाज देऊन बसले होते, आणि ज्या भरतीसाठी दिला तिची जाहिरातही निघाली नव्हती. आई खिडकीबाहेर बघत होती. मुदखेड आल्यावर एवढंच म्हणाली, "हे गावात कुणाला सांगायचं न्हाई."

जुलैच्या रिपोर्टमध्ये थायरॉइडच्या तिन्ही ओळी साध्या अक्षरात होत्या. एलएच आणि एफएसएच थोडे उठले होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला पाळी आली. आमच्यात विटाळ पाळत नाहीत, पण म्हणून कुणी पाळीचं कौतुकही करत नाही. आईनं त्या दिवशी लिंगपूजा आटोपली आणि न सांगता शेंगदाण्याच्या पोळ्या करायला घेतल्या. आम्ही दोघींनी तूप ओतून ओतून खाल्ल्या. बरणीमागची बाटली मी उकिरड्यावर फेकून आले.

पावसानंतर बोअरला पाणी आलं आणि अकॅडमी पुन्हा सुरू झाली. नव्या पोरी आल्या होत्या. जिल्ह्याची बोलवाही पुन्हा सुरू झाली होती. माझ्याबरोबरच्या तिघींपैकी एकीचा फोन आला. तिला तिच्या गावाकडे थायरॉइड सांगितलं होतं, गोळी कायमची. मी तिला म्हटलं, टीएसएचची ओळ वाच. तिनं वाचली. आकडा साधा होता.

मी आईला सांगितलं, उद्या ग्राउंडवर जाते. आई म्हणाली, तुझं बरं झालं न्हवं, आता आपल्याला काय करायचंय? मी म्हटलं, त्या पोरींनाही कुणी विचारणार नाही गं, काय घेतलं म्हणून. आई म्हणाली, जाशील तर मी बी येते, तुला तिथून वढून आणायला. आणि खरंच पहाटेच्या पहिल्या गाडीत माझ्याशेजारी येऊन बसली.

ग्राउंडवर तीसेक पोरी तीन रांगांत उभ्या होत्या. मी सरांना नमस्कार केला नाही. रांगेसमोर गेले आणि सांगायला सुरुवात केली, हातात सगळे रिपोर्ट घेऊन. सर आधी हसले. पहिल्या रांगेतल्या एका पोरीनं विचारलं, "दीदी, पण गोळा गेला का?" मी खोटं बोलले नाही. गेला, म्हटलं, लांब गेला. म्हणून तर पुढचं ऐका.

तेव्हा सर पुढे आले. "पोरीहो, हिच्याकडं ध्यान देऊ नका. हिला थायरॉइड हाय. आवाज त्येनंच गेलाय. हिच्या आईनं सोता मला फोनवर सांगितलं. तिथं हुबी हाय बगा, विचारा तिला."

सगळ्या पोरी वळल्या. आई मैदानाच्या कडेला, पिशवी पोटाशी धरून उभी होती. आता ती काय म्हणेल, याचा मला अंदाज नव्हता. एवढी भीती मला त्या दवाखान्यातही वाटली नव्हती.

आई चालत आली. फक्कीच्या रेषेवरून तशीच चालत आली, सरांच्या समोरून. म्हणाली, "सांगितलं होतं, खरं हाय. चुकीचं सांगितलं. हिला थायरॉइड न्हाई, कधीच नव्हतं. कागद हायत."

मग ती माझ्याकडे वळली. मी रिपोर्ट उघडला आणि वाचायला लागले. इतक्या महिन्यांची सवय, तोंडातून हळूच निघालं.

"मोठ्यानं वाच," आई म्हणाली. "मागच्या पोरींना ऐकू येईना."

मी कागद वर धरला आणि टीएसएचच्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.